विश्लेषण : म्हातारं मांजर सारखं पाणी पितंय? ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका

उतारवयातल्या मांजरांमध्ये किडनीचा आजार सर्रास आढळतो. तो पूर्ण बरा होत नाही, पण वेळेत कळला तर घरच्या घरी बराच काळ सांभाळता येतो. राजूरसारख्या गावात हे कितपत जमतं? आणि नेमकं कुठे अडतं?

गेल्या नव्हे, त्याच्या आदल्या दिवाळीत मी राजूरला घरी गेले होते. फराळाची ताटं भरता भरता आई सहज म्हणाली, ‘‘चुनी आजकाल लय पाणी पिऊन रायली.’’

चुनी म्हणजे आमची मांजर. बाबांना चुनाभट्टीजवळ सापडली तेव्हा अंगभर चुना माखलेला होता, म्हणून चुनी. त्या दिवाळीत ती तेरा वर्षांची होती. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू या. आजीने विषय संपवला, ‘‘म्हातारी झाली ते. तिले आता काय दवाखान्यात नेतं?’’

मीही तो विषय तिथेच सोडला. चार दिवसांनी नागपूरला परतले, डेस्कवर कामाला लागले. पुढच्या एप्रिलमध्ये आईचा फोन आला की चुनी दोन दिवसांपासून काही खात नाही. तेव्हा कुठे धावपळ सुरू झाली. तपासणीत किडनीचा आजार निघाला, तोही बराच पुढे गेलेला. दिवाळी ते एप्रिल हे पाच महिने आमच्या हातून गेले होते, आणि त्या पाच महिन्यांत तिने दुखणं लपवलेलं नव्हतं. रोज पाण्याच्या भांड्यापाशी बसून ती ते आम्हाला दाखवतच होती.

हा मजकूर त्या पाच महिन्यांमुळे लिहिते आहे. माझं म्हणणं एवढंच आहे : ‘म्हातारं झालं’ हे रोगाचं निदान नाही. ते आपलं न बघण्याचं कारण आहे.

किडनीत नेमकं काय बिघडतं?

राजूर-वणीकडच्या लोकांना हे कोळशाच्या खाणीवरून पटकन कळेल. भूमिगत खाणीत पाणी उपसणारे पंप रात्रंदिवस चालू असतात. समजा, चार पंप आहेत. एक बंद पडला तर उरलेले तीन जास्त काम करतात आणि वर कोणाला काही कळत नाही. दुसरा बंद पडला तरी काम रेटलं जातं. तिसरा बंद पडला की पाणी चढू लागतं, आणि लोक म्हणतात, ‘‘काल तर सगळं ठीक होतं!’’ काल सगळं ठीक नव्हतं. काल राखीव ताकद संपत आली होती.

मांजराच्या एका किडनीत सुमारे दोन लाख नेफ्रॉन म्हणजे सूक्ष्म गाळण्या असतात. माणसाच्या एका किडनीत त्या दहा लाखांच्या आसपास असतात. एकदा निकामी झालेली गाळणी पुन्हा तयार होत नाही. उरलेल्या गाळण्या तिचं काम उचलतात आणि जादा भाराने त्याही झिजतात.

साधारण दोन तृतीयांश क्षमता गेली की किडनीला लघवी घट्ट करणं जमेनासं होतं. शरीरातलं पाणी लघवीवाटे वाहून जातं, म्हणून मांजराला तहान लागते. रक्तातलं क्रिएटिनिन मात्र बहुतेक वेळा तीन चतुर्थांश क्षमता गेल्यावर नजरेत भरण्याइतकं वाढतं. म्हणजे रिपोर्ट बिघडण्याच्या आधी पाण्याचं भांडं लवकर रिकामं व्हायला लागलेलं असतं.

इथे एक गैरसमज जीवघेणा ठरू शकतो. मांजर घरात जागोजागी लघवी करतं म्हणून काही घरांत पाण्याचं भांडंच उचलून ठेवतात. पण ते जास्त पाणी पितं म्हणून जास्त लघवी करत नाही. लघवीवाटे पाणी जातं म्हणून ते पितं. भांडं उचललं तर ते काही तासांतच कोरडं पडू लागतं.

मांजरांनाच हा आजार एवढा का होतो?

याचं एकच एक उत्तर नाही. घरगुती मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले रानमांजर. शिकारीच्या मांसातून मिळेल तेवढ्या पाण्यावर भागवायचं आणि लघवी अतिशय घट्ट करायची, अशी त्यांच्या शरीराची घडण. त्यामुळे मांजराला मुळात तहान कमी लागते. अशा प्राण्याला आपण कोरडे दाणे किंवा पोळीचे तुकडे खाऊ घालतो. तरीही अमुक एका गोष्टीमुळेच किडनी गेली असं बहुतेक मांजरांबाबत ठामपणे सांगता येत नाही. किडनीत हळूहळू सूज येते, व्रण पडतात आणि मूळ कारण हाती लागत नाही. दहा वर्षांपुढच्या मांजरांपैकी साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त मांजरांना हा आजार असतो, असं पशुवैद्यकशास्त्रात मानलं जातं.

जपानमध्ये टोकियो विद्यापीठातले संशोधक तोरू मियाझाकी यांनी ‘एआयएम’ नावाच्या प्रथिनावर काम केलं. किडनीतला कचरा साफ करायला मदत करणारं हे प्रथिन मांजरांमध्ये नीट कामी येत नाही, असं त्यांच्या गटाने २०१६ मध्ये मांडलं. २०२१ मध्ये त्यांच्या संशोधनाचा निधी अडल्याची बातमी आली आणि जपानमधल्या मांजरप्रेमींनी बघता बघता कोट्यवधी येन जमा करून दिले. त्या संशोधनाकडे आशेने बघायला हरकत नाही. पण राजूरच्या घरातल्या मांजराला आज रात्री लागणार आहे ते पाणी, योग्य खाणं आणि वेळेत तपासणी.

कोणती लक्षणं दिसली की सावध व्हायचं?

पहिलं लक्षण पाणी. दिवसभरात मांजर दर किलो वजनामागे १०० मिलीलीटरहून जास्त पाणी पीत असेल तर ते नक्कीच जास्त आहे. म्हणजे तीन किलोच्या मांजराने ३०० मिलीलीटर. त्याच्या बरंच खाली असेल पण आधीपेक्षा वाढलं असेल, तरीही दाखवायला हवं.

मोजायचं कसं? सकाळी बाटलीने मोजून पाणी भरा, दुसऱ्या दिवशी उरलेलं मोजा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, तेव्हा भांड्यातलं पाणी आपसूकही उडतं. त्यासाठी तसंच दुसरं भांडं, तेवढंच पाणी घालून, मांजर पोहोचणार नाही अशा जागी त्याच खोलीत ठेवा. त्यातलं जेवढं कमी होईल तेवढं वजा करा. इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळेत शिकलेली ही एवढीच गोष्ट मला चुनीसाठी कामी आली.

दुसरं लक्षण वजन. बहुतेक मालकांच्या हे लक्षात येत नाही, कारण रोज बघणाऱ्याला हळूहळू होणारी झीज दिसत नाही. चुनी पूर्वी चार किलोच्या जवळ होती, एप्रिलमध्ये २.८ किलो भरली. एवढ्याशा जिवाचं २०० ग्रॅम वजन घटणं म्हणजे ५५ किलोच्या माणसाचं चार किलो वजन घटण्यासारखं आहे. घरात वजनकाटा नसेल तर किराणा दुकानातला काटा चालतो. माझी आई चुनीला पिशवीत घालून दर रविवारी दुकानात न्यायची. पुढे पुढे दुकानदारच विचारायला लागला, ‘‘काकू, आज किती भरली?’’

याशिवाय तोंडाला उग्र वास, विस्कटलेली केसाळी, वरचेवर उलटी, बद्धकोष्ठता, खाण्याजवळ जाऊन वास घेऊन परत फिरणं, ही लक्षणं दिसतात. काही मांजरांचा रक्तदाब वाढतो आणि एके दिवशी त्यांना अचानक दिसेनासं होतं, ती भिंतीला धडकू लागतात. ते ‘म्हातारपणाचं आंधळेपण’ समजून घरी बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

एक मात्र लक्षात ठेवायचं : जास्त पाणी पिणं आणि वजन घटणं ही मधुमेहाची आणि थायरॉइड वाढल्याचीही लक्षणं आहेत. म्हणून तपासणीशिवाय उपचार नको.

तपासणी कोणती आणि किती?

रक्तात क्रिएटिनिन, युरिया, फॉस्फरस आणि पोटॅशियम. लघवीचा घट्टपणा आणि तीतून प्रथिनं जातात का ते. शक्य असेल तिथे रक्तदाब आणि सोनोग्राफी. मोठ्या शहरांत ‘एसडीएमए’ ही रक्ततपासणीही होते. तिच्यात बिघाड क्रिएटिनिनच्या आधी दिसू शकतो, आणि म्हातारपणी मांस झडलेल्या मांजरात ती जास्त भरवशाची असते. कारण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. स्नायूच उरले नसतील तर आकडा फसवा कमी दिसतो.

रिपोर्ट माणसांच्या प्रमाणाशी ताडून बघू नका. मांजराचे आकडे वेगळे असतात. ‘आयरिस’ या पशुवैद्यकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने या आजाराचे चार टप्पे ठरवले आहेत. क्रिएटिनिन १.६ च्या खाली पण किडनीत अन्य दोष असेल तर पहिला टप्पा. १.६ ते २.८ दुसरा. २.९ ते ५ तिसरा. ५ च्या वर चौथा. मात्र मांजराला सलाईन वगैरे देऊन पाण्याची कमतरता भरून काढल्यावर पुन्हा घेतलेल्या आकड्यावरच टप्पा ठरवायचा असतो. कोरड्या पडलेल्या मांजराचा एकच रिपोर्ट बघून हातपाय गाळू नयेत.

टप्पा कळण्याने काय फरक पडतो? २११ मांजरांच्या नोंदींवरचा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या टप्प्याच्या पुढच्या भागात निदान झालेली मांजरं त्यानंतर साधारण ११५१ दिवस जगली, म्हणजे तीन वर्षांहून जास्त. तिसऱ्या टप्प्यातली ७७८ दिवस, म्हणजे दोन वर्षांच्या पुढे. चौथ्या टप्प्यातली १०३ दिवस, म्हणजे साडेतीन महिन्यांच्या आत. हे मधले आकडे आहेत. एखादं मांजर याहून खूप जास्त जगतं, एखादं खूप कमी. तरी तीन वर्षं आणि साडेतीन महिने यांतला फरक कुठल्या महागड्या औषधात दडलेला नाही. तो बराचसा निदान कधी झालं यात आहे.

चुनीचं क्रिएटिनिन ४.१ आलं. तिसरा टप्पा.

घरी करता येण्यासारखं काय आहे?

बरंच. या आजारात दवाखान्यातल्या दिवसांपेक्षा घरातले दिवस जास्त असतात.

पाणी : एक भांडं पुरत नाही. घरात तीन-चार ठिकाणी, खाण्यापासून जरा लांब, रुंद तोंडाची भांडी ठेवा. मिशा काठाला लागलेल्या काही मांजरांना आवडत नाही. चुनीला तिच्या वाटीपेक्षा तुळशीजवळच्या मातीच्या परळातलं पाणी आवडायचं. मग आईने तसेच आणखी दोन परळ आणले. उन्हाळ्यात पाणी दिवसातून दोनदा बदला आणि मांजराला दुपारी गच्चीच्या खोलीत कोंडू नका.

खाणं : किडनीच्या मांजरांसाठीचा तयार आहार मिळतो. त्यात फॉस्फरस कमी आणि प्रथिनं मोजकी पण चांगल्या प्रतीची असतात. ४५ मांजरांवर दोन वर्षं चाललेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या आहारावरचं एकही मांजर किडनीच्या आजाराने दगावलं नाही. नेहमीच्या आहारावरच्या गटात तसे मृत्यू झाले. या आजारात एवढा ठोस पुरावा असलेले उपाय थोडेच आहेत. आहार महाग आहे, तो ऑनलाइन मागवावा लागतो, आणि मांजर पहिल्या दिवशी तोंड फिरवतं. म्हणून जुन्या खाण्यात थोडा थोडा मिसळत दोन-चार आठवड्यांत बदल करायचा.

तो परवडत नसेल तर घरचं काय द्यायचं, हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. बिनमिठाचं उकडलेलं चिकन, भात, अंड्याचा पांढरा भाग यांवर भागवता येतं, पण त्यात मांजराला लागणारी टॉरिनसारखी पोषकद्रव्यं पुरेशी असतीलच असं नाही. ती वेगळी द्यावी लागतात. आपल्याकडची दूध-पोळी हे मांजराचं पूर्ण अन्न कधीच नव्हतं. मांजर मांसाहारी प्राणी आहे, आणि बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. बाजारातली सुकी मासळी खारट असते, ती टाळा. हाडांचं सूप ‘ताकदीचं’ म्हणून देऊ नका. कांदा-लसूण घातलेला रस्सा तर मांजराच्या रक्तपेशीच फोडतो.

यातही एक गोष्ट पथ्याच्या वर आहे. मांजर काहीच खात नसेल तर पथ्य बाजूला ठेवा आणि जे खाईल ते द्या. दोन-तीन दिवसांच्या उपासाने मांजराचं यकृत बिघडू शकतं. मळमळ थांबवणारी आणि भूक आणणारी औषधं असतात, ती मागून घ्या. खाणं किंचित कोमट केलं की वास सुटतो आणि म्हातारं मांजरही भांड्याजवळ येतं.

औषधं : फॉस्फरस वाढला तर तो आतड्यात बांधून ठेवणारं औषध खाण्यात मिसळून देतात. पोटॅशियम कमी झालं तर ते देतात. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन देतात. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या डब्यात असते तीच, पण मात्रा अगदी कमी. म्हणून डब्यातली गोळी परस्पर मोडून देऊ नका.

सलाईन : कातडीखाली सलाईन देणं ऐकायला भीतीदायक वाटतं, पण ते घरी शिकता येतं. मानेमागची सैल कातडी उचलायची, सुई टोचायची आणि बाटली उंच टांगायची. किती द्यायचं आणि किती दिवसांनी, हे डॉक्टरच ठरवतात. हृदय कमजोर असलेल्या मांजराला जास्त सलाईन घातक ठरतं. माझ्या आईने नागपूरला एकदा बघून हे शिकून घेतलं. बाटली खिडकीच्या गजाला टांगलेली, आजी चुनीला मांडीवर गोधडीत गुंडाळून बसलेली आणि आई पुटपुटत असलेली, ‘‘तिले टोचतानी माझेच हात थरथरते.’’ महिनाभरात हात थरथरायचे थांबले. ‘काय नेतं दवाखान्यात’ म्हणणारी आजीच मंगळवार-शुक्रवार लक्षात ठेवू लागली.

वही : तारीख, वजन, पाणी, खाणं, उलटी, लघवी. सहा रकाने पुरतात. ‘‘बरी आहे’’ किंवा ‘‘जरा कमीच खाते’’ यावरून डॉक्टरला काही ठरवता येत नाही. ‘‘तीन आठवड्यांत १८० ग्रॅम घटली’’ यावरून ठरवता येतं.

काय अजिबात द्यायचं नाही?

घरातली दुखण्या-तापाची गोळी. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. ते औषध निकामी करायची यंत्रणाच मांजराच्या शरीरात अपुरी आहे. आयब्रुफेन आणि डायक्लोफेनॅक थेट किडनीवर घाव घालतात.

डायक्लोफेनॅकने काय होतं ते आपल्या देशाने मोठ्या किमतीत पाहिलं आहे. जनावरांना दुखण्यासाठी हे औषध दिलं जायचं. ती जनावरं मेल्यावर गिधाडं त्यांचं मांस खायची आणि किडनी निकामी होऊन मरायची. हे कारण २००४ मध्ये शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झालं आणि २००६ मध्ये भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून अधिक संपली होती. आपल्या लहानपणी मेलेल्या ढोरांवर गिधाडं का दिसली नाहीत, याचं उत्तर किडनीत आहे.

घरात लिलीची फुलं आणत असाल तर तीही मांजरापासून लांब ठेवा. खऱ्या लिलीचं पान किंवा परागसुद्धा मांजराची किडनी काही दिवसांत बंद पाडू शकतो.

मग अडतं कुठे?

चुनीला आम्ही आधी जवळच्या एका दवाखान्यात नेलं. ‘‘आम्ही गाई-म्हशी, शेळ्या बघतो. मांजराचं इथे काही होत नाही,’’ असं उत्तर मिळालं. राग आला, पण नंतर विचार केला तेव्हा त्या माणसाची अडचणही कळली. आजूबाजूच्या गावांची जनावरं, लसीकरण, कृत्रिम रेतन, वरून कागदपत्रं. शेतकऱ्याचा बैल बसला तर घराचा हंगाम बसतो. तिथे मांजर रांगेत शेवटी असणारच.

शेवटी चुनीला भाजीच्या टोपलीत घालून, वर ओढणी बांधून, वणी-वरोरा करत सव्वाशे किलोमीटरहून जास्त अंतर कापून नागपूरला आणलं. नागपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आहे, खासगी दवाखानेही आहेत. मुंबईत तर १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांसाठीचं मोठं रुग्णालय सुरू झालं. हे सगळं चांगलंच आहे. पण आजारी मांजराला उन्हात इतका प्रवास घडवणं हाच एक आजार आहे.

माझ्या मते अडचण पैशाच्या आधी मोजणीची आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या २१व्या पशुगणनेची यादी बघा. गाय, म्हैस, मिथुन, याक, मेंढी, शेळी, डुक्कर, उंट, घोडा, तट्टू, खेचर, गाढव, कुत्रा, ससा, हत्ती आणि कोंबड्या-बदकं. मांजर नाही. महाराष्ट्रातल्या खेड्यात याक मिळणार नाही, पण मांजर नसलेली गल्लीही मिळणार नाही. जे मोजलं जात नाही, त्याच्यासाठी औषध, उपकरण किंवा प्रशिक्षण कोण मागणार?

मागणी फार मोठी नाही. लघवीचा घट्टपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर लागतो. द्राक्ष आणि ऊसवाले गोडी मोजायला डोळ्याला लावतात, त्याच जातीचं हातात मावणारं यंत्र, फक्त मापपट्टी वेगळी. वीज लागत नाही, लघवीचा एक थेंब पुरतो. तालुक्याच्या प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात हे एक यंत्र आणि क्रिएटिनिनच्या तपासणीची सोय, एवढं झालं तरी संशयित मांजरं वेळेत वेगळी काढता येतील. आणि १९६२ या पशुवैद्यकीय सेवेच्या क्रमांकावर फोन केला तर मांजराची तपासणी जवळात जवळ कुठे होते, एवढी माहिती तरी मिळायला हवी.

माणसांनाच उपचार मिळत नाहीत, तिथे मांजराचं काय?

हा प्रश्न मला घरातच विचारला गेला, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. विदर्भात किडनीचा आजार म्हणजे काय ते लोकांना माहीत आहे. अकोला-बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यात खारं पाणी पिणाऱ्या गावांत घरागणिक किडनीच्या रुग्णांची गोष्ट ऐकायला मिळते. यवतमाळ जिल्ह्यात फ्लोराइडच्या पाण्याचा प्रश्न आहे. गरिबांना मोफत डायलिसिस मिळावं म्हणून २०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आला, तरी आठवड्यातून दोन-तीनदा जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी रुग्णाच्याच माथी असते.

पण आमच्या मांजरीने कुणाचं डायलिसिसचं मशीन अडवलं नाही. तिला लागलं ते पाणी, थोडं चिकन, काही औषधं आणि आठवड्यातून दोनदा घरातल्यांची पंधरा मिनिटं. उलट तिच्यामुळे एक गोष्ट घडली. नागपूरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट समजावून सांगितला तेव्हा बाबांनी विचारलं, ‘‘आजीचं क्रिएटिनिन शेवटचं केव्हा पाहिलं होतं?’’ कोणालाच आठवेना. आजीला बारा वर्षांपासून मधुमेह आहे, बीपीची गोळी आहे, आणि तिच्याबद्दलही आम्ही ‘वय झालं’ हेच म्हणत होतो. पुढच्याच आठवड्यात तिचं रक्त तपासलं. आकडा थोडा वर होता. औषधं बदलली, पथ्य सुरू झालं.

म्हणून मला हे दोन वेगळे प्रश्न वाटत नाहीत. ज्या घरात म्हाताऱ्या मांजराचं दुखणं दिसत नाही, त्या घरात म्हाताऱ्या माणसाचंही बरेचदा दिसत नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं असं आपण म्हणतो. या बाबतीत डोळे आपले मिटलेले असतात.

थांबायचं कधी?

काही घरांत म्हातारं, आजारी मांजर पोत्यात घालून नाल्यापलीकडे किंवा बाजारात सोडून येतात. ‘आपल्या डोळ्यांसमोर नको’ हा त्यामागचा भाव असतो. उपाशी-तहानेलं तडफडेल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, किडनी गेलेल्या जिवाला पाण्यापासून तोडणं ही सगळ्यात वाईट शिक्षा आहे.

शेवट जवळ आल्याचं वहीतून कळतं. खाणं औषधांनीही परत येत नाही, उलट्या थांबत नाहीत, मांजर अंग चाटून साफ करणं सोडतं, कोपऱ्यात तोंड करून बसतं, आणि वाईट दिवस चांगल्या दिवसांपेक्षा जास्त होतात. अशा वेळी डॉक्टरांना स्पष्ट विचारा : आता जे करतोय ते तिच्यासाठी की आपल्यासाठी? वेदना न होता झोपेतच शेवट करण्याचा मार्ग पशुवैद्यकांकडे असतो. तो निवडणं म्हणजे जबाबदारी झटकणं नव्हे. न निवडता घरीच ऊब देऊन शेवटपर्यंत सोबत राहणारेही असतात, फक्त तेव्हाही वेदना आणि मळमळीची औषधं बंद करू नयेत.

चुनी निदानानंतर अकरा महिने राहिली. त्यातले नऊ चांगले होते. उन्हाळा तिने परळाजवळच्या गार फरशीवर काढला, पावसाळ्यात वजन ३.१ किलोपर्यंत चढलं, थंडीत पुन्हा उतरलं. यंदाच्या मार्चमध्ये एका पहाटे ती आजीच्या गोधडीवर गेली. वहीतली शेवटची नोंद आईच्या हातची आहे : ‘वजन २.४. पाणी दोन घोट.’

तिसऱ्या टप्प्यातली मांजरं दोन वर्षंही काढतात, हे मला आता माहीत आहे. दिवाळीतच तपासलं असतं तर किती मिळाली असती, हे सांगता येणार नाही. पण तुमच्या घरात सात-आठ वर्षांच्या पुढचं मांजर असेल तर वर्षातून एकदा, आणि दहाच्या पुढचं असेल तर सहा महिन्यांतून एकदा त्याचं रक्त आणि लघवी तपासून घ्या. दवाखाना लांब असेल तर निदान या रविवारी त्याला पिशवीत घालून किराणा दुकानात न्या, वजन करा आणि आकडा तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात पुन्हा करा. आणि त्याच वहीच्या दुसऱ्या पानावर घरातल्या आजी-आजोबांची शेवटची रक्ततपासणी कधी झाली, ती तारीखही लिहा.